सव्वादहाची सावली

देवरुखच्या बाजारपेठेत संदेश साळवीचं माशांचं दुकान होतं. मासे विकण्यापेक्षा दिव्यांवरून वाद घालण्यातच त्याचा अर्धा दिवस जाई. काचेच्या टाकीत पाण्यातली झाडं लावायचं वेड अलीकडे तालुक्यात बरंच पसरलं होतं. लोक येत आणि म्हणत, "झाडं पिवळी पडली, मोठा दिवा द्या." आठवड्याने तेच लोक परत येत, "आता सगळं शेवाळ झालं, अजून मोठा द्या."

त्या सकाळी बँकेतल्या शेट्येबाई आल्या होत्या. त्यांचीही तक्रार तीच होती.

"बाई, तुमच्या डोळ्यांना लख्ख दिसतं ते झाडाला मानवेलच असं नाही," संदेश म्हणाला. "खोक्यावर केल्विनचा आकडा असतो ना, तो माणसाच्या डोळ्यांसाठी. झाड जास्त करून लाल आणि निळा उजेड खातं. आणि नुसत्या उजेडाने काय होतंय? उजेड, खत आणि पाण्यात विरलेला कार्बन वायू, अशी ती तिवई आहे. एकच पाय लांब केलात तर तिवई उंच होत नाही, कलंडते. झाडाला न पचलेला उजेड शेवाळ खाऊन टाकतं. तुम्ही दिवा बदलू नका, नुसता आठ तासांवर..."

बोलता बोलता त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"बाई, जरा बसता? नाहीतर दुपारी या."

एवढं बोलून तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. शेट्येबाई बसून राहिल्या. सकाळी दहा-दहा ते साडेदहा संदेश साळवी कुणाचा नसतो, हे पेठेत आता सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणे जप करतो, कुणी म्हणे लेकीशी फोनवर बोलतो. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या लेकीलासुद्धा नाही.

*

लेक कस्तुरी पुण्यात एका संशोधन संस्थेत पाणवनस्पतींवर काम करत होती. तिथे त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. कपाळावरच्या टिकलीपेक्षा जरासं मोठं, वर काचेचा घुमट. त्याचं खरं नाव बोटभर लांब होतं, पण सगळे त्याला टिकलीच म्हणत. ही टिकली झाडाशेजारी बसवायची. मग ती त्या जागी पडणारा उजेड बत्तीस रंगांत वेगळा करून, सेकंदाला दहा वेळा, वर्षभर नोंदवून ठेवी. आणि त्या नोंदीवरून चालणारा एक दिवा होता. तो टाकीवर लावला की त्या जागेचा, त्याच महिन्यातला आणि त्याच वाराचा उजेड टाकीत जसाच्या तसा उतरे. पहाट तिथली, ढग तिथले, वाऱ्याने हललेल्या फांदीची चाळवाचाळवसुद्धा तिथली.

"म्हणजे उजेडाची कॅसेट," संदेश म्हणाला होता.

"कॅसेट म्हणजे?" कस्तुरीने विचारलं होतं, आणि त्यावर प्रणिता पोट धरून हसली होती.

प्रणिता, संदेशची बायको, देवरुखपासून अकरा किलोमीटरवर खोलवाडीत अंगणवाडी सेविका होती. तिथल्या देवळाखालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, झुलपी नावाची वनस्पती होती. वाहत्या पाण्यात तिची लांब बारीक पानं केसांच्या झुलपांसारखी हलत, म्हणून गावाने ठेवलेलं हे नाव. जगात दुसरीकडे कुठे ती सापडली नव्हती. कस्तुरीने तिथे टिकली बसवली आणि आईला सांगितलं, "आठवड्यातून एकदा, संध्याकाळी घरी निघताना, काच तेवढी पूस."

तेरा महिने टिकली उजेड नोंदवत राहिली. कस्तुरी ती काढून पुण्याला घेऊन गेली आणि त्याच जूनमध्ये प्रणिता तापाने आजारी पडली. लेप्टो निघाला. पाच दिवसांत ती गेली. पुढे जुलैत खोलवाडीवर डोंगर सरकला. माणसं आधीच हलवलेली होती म्हणून वाचली, पण देऊळ गेलं, पऱ्या गेला, झुलपी गेली.

उरले ते संस्थेने नमुन्यासाठी आणलेले अकरा कंद. संस्थेतल्या उत्तमोत्तम दिव्यांखाली त्यातले सात कुजले. तेव्हा कस्तुरीने उरलेले चार आणि तो दिवा गाडीत घातला आणि बापाच्या दुकानात आणून ठेवला.

"तुझ्या हाताला झाडं लागतात, पप्पा," ती म्हणाली. "इथलं पाणी पण त्यांच्या ओळखीचं आहे. दिव्याला तेवढा हात लावू नकोस. ढगसुद्धा पुसायचा नाही, असा आमचा नियम आहे."

आईबद्दल ती काहीच बोलली नाही. तेराव्यानंतर बोललीच नव्हती. बापलेकीचे फोन रोज होत, पण त्यात पाण्याचं तापमान असे, पानांची लांबी असे आणि शेवटी "जेवलास ना?" एवढंच.

*

आतल्या खोलीच्या खिडक्यांना संदेशने काळा कागद लावला आणि टाकी मांडली. पहिल्याच आठवड्यात त्याला वाटलं, दिव्यात काहीतरी खोट आहे. सव्वादहाच्या सुमारास टाकी एकदम काळवंडे. चार-पाच मिनिटं तशीच राही. मग तीनदा लुकलुके आणि परत होती तशी होई. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. ढग असे वेळेवर येत नाहीत. त्याने तारा तपासल्या, दिवा उघडून पुसला. कस्तुरीला फोन करायचं मनात होतं, तोवर रविवार उजाडला, आणि रविवारी टाकी काळवंडलीच नाही.

सोमवारी परत काळवंडली.

संदेश स्टुलावर बसून होता. रविवारी सुट्टी कुणाला असते, हा विचार मनात यायला वेळ लागला नाही. उठून त्याने दार आतून लावून घेतलं.

अंगणवाडीत पोरांची प्रार्थना झाली, मदतनीस बाईने खिचडी चुलीवर चढवली की प्रणिता पऱ्यावर उतरत असणार. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. आणि संध्याकाळी नव्हे, सकाळी, कारण त्या झाडीत ऊन यायची वेळ तीच, आणि ऊन पडलं की काचेवरचा मळ दिसतो. ती टिकलीवर वाकली की तिची सावली टिकलीवर पडत होती. टिकलीने ती नोंदवली होती, ढगासारखीच. ती तीनदा लुकलुक म्हणजे तिने पदराने काच पुसली होती.

टाकीत आकार काही दिसत नसे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसतं अंधारून येई. पण बत्तीस रंगांची नोंद होती ती. सोमवार ते शुक्रवार त्या अंधाराला गणवेशाच्या साडीची गुलाबी झाक असे. शनिवारी ती घरची साडी नेसे. एका शनिवारी टाकीतलं पाणी निळसर-हिरवं झालं, आणि संदेशच्या तोंडून निघून गेलं, "मोरपंखी!" ती साडी त्यानेच आणली होती, आणि प्रणिताने रंग फार भडक आहे म्हणून दोन वर्षं कपाटातून काढली नव्हती.

त्या दिवसापासून त्याचा दिवस सव्वादहाला सुरू होऊ लागला. पावसात छत्रीमुळे सावली मोठी पडे. गणपतीचे पाच दिवस ती आली नाही. ते दिवस त्याला फार जड गेले. थंडीत ती दोन मिनिटं उशिरा येई. तो स्टुलावर बसून असे. कधी मनात बोले, कधी मोठ्याने. सावली सरली की उठून दुकानात जाई आणि शेट्येबाईंना शेवाळाबद्दल सांगू लागे.

फेब्रुवारीत एक दिवस सावली पाच मिनिटांत सरली नाही. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पुसल्याची लुकलुकही झाली नाही. वरचं ऊन सरून गेलं तरी, तब्बल सव्वीस मिनिटं ती तिथे बसून होती. संदेशने कॅलेंडरवर तारीख पाहिली, आणि त्याला सगळं आठवलं. गेल्या फेब्रुवारीत कस्तुरीला पुण्यात डॉक्टरेट मिळणार होती. प्रणिता म्हणाली होती, दोघं जाऊ. तो म्हणाला होता, "दुकान कोण बघणार? मासे उपाशी मरतील." ती पुढे काही बोलली नाही. एकटी गेली, एकटी आली, आणि तो समजून चालला की ती विसरली. ती विसरली नव्हती. पऱ्याकाठी सव्वीस मिनिटं बसली होती.

सावली उठली तेव्हा संदेशने टाकीच्या काचेवर हात ठेवला होता. तो त्याने बराच वेळ काढला नाही.

*

झुलपी मात्र फुलेना.

पहिल्या मोसमात पानं आली, पण दांडा वर आला नाही. उन्हाळ्यात पानं झडून कंद झोपी गेले. दुसऱ्या पावसाळ्यात चारापैकी तीनच उठले, आणि पानं आखूड आली. न फुलता कंद दरवर्षी लहान होत जातो, आणि बी धरलं नाही तर एक दिवस संपतो. सप्टेंबरमध्ये कस्तुरीने फोनवर हिशेब स्पष्टच सांगितला, "पप्पा, यांच्यात अजून एका फुलोऱ्याची ताकद आहे. या वर्षी नाही, तर कधीच नाही."

चार दिवसांनी तिचा परत फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"सापडलं! रेकॉर्डिंगमध्येच घाण आहे. त्या पऱ्यावर दिवसभर गर्द सावली. सकाळी दहा-दहाला झाडीच्या फटीतून ऊन उतरतं, ते अठरा मिनिटं. तेवढंच. त्यावरच झुलपी जगते. आता ऐक, पान म्हणजे बटण दाबलं की लागणारा दिवा नाही. ऊन पडल्यावर आतली यंत्रणा गरम व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. खरी कमाई त्याच्यापुढे. आणि नेमकी तेव्हाच, रोज, नोंदीत पाच मिनिटांचा खड्डा आहे! गुरं येत असतील, नाहीतर माकडं टिकलीवर बसत असतील. अठरा मिनिटं सलग मिळाल्याशिवाय तिला कळतच नाही की पाऊस संपला, आता फुलायचं. मी इथून तो खड्डा बुजवते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," संदेश म्हणाला.

"काय नको?"

"हात लावू नकोस. ढगसुद्धा पुसायचा नाही म्हणाली होतीस."

"अरे, पण हा ढग नाही!"

"मला ठाऊक आहे काय आहे ते." त्याचा आवाज चढला. "माझी टाकी आहे. मी नको म्हणतोय ना?"

मग कस्तुरी थंडपणे म्हणाली, "टाकी तुझी आहे. कंद तुझे नाहीत, पप्पा. माझेही नाहीत. मी शनिवारी येतेय."

*

शनिवारी ती पहाटेच्या गाडीने निघाली आणि दहाला पाच कमी असताना दुकानात शिरली. बॅग टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "चल, काय ते दाखव."

संदेशने तिला आत नेलं आणि स्टुलावर बसवलं. स्वतः उभा राहिला. टाकीत हिरवट अंधार होता. मग ऊन उतरलं, तिरपं, पिवळं, आणि तिन्ही झुलपींची पानं पाण्यात उजळली. कस्तुरीचा चेहराही उजळला.

"बघ ना, काय सुरेख..."

"गप," तो हळूच म्हणाला. "आता बघ."

टाकी काळवंडली. कस्तुरीने घड्याळ पाहिलं, वही उघडली.

"हाच तो खड्डा. पण याला रंग कसला आहे? पिवळट आहे. गुरांचा असा नसतो."

"हळदी रंगाची आहे ती," संदेश म्हणाला. "तुझ्या मावशीने वास्तुशांतीला दिलेली. शनिवारी घरची साडी असते. बाकीचे दिवस गुलाबी. रविवारी काही नसतं."

कस्तुरीच्या हातातली वही तशीच राहिली. टाकी लुकलुकली. एकदा, दोनदा, तीनदा.

"पदराने पुसते," तो म्हणाला.

ऊन परतलं, पण त्यातली शेवटची थोडीच मिनिटं उरली होती. कस्तुरी टाकीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "रोज?"

"रोज."

"मी तिला आठवड्यातून एकदा सांगितलं होतं."

"तुझं काम होतं ना ते."

त्यावर ती रडली. दीड वर्षाचं साठलेलं होतं. संदेशला काय करावं कळेना. त्याने माशांच्या टॉवेलनेच तिचे डोळे पुसले, आणि त्या वासाने ती रडता रडता नाक मुरडून हसली.

दुपारी दोघं घरी जेवायला बसली. ताट बाजूला सारून कस्तुरी म्हणाली, "राहू दे, पप्पा. नको बुजवायला. मी संस्थेत सांगते, नाही फुलली म्हणून. अशा किती वनस्पती जातात दरवर्षी. कुणी विचारणार नाही."

"तू विचारशील," संदेश म्हणाला.

"मी नाही विचारणार."

तिला झोप लागल्यावर संदेश बराच वेळ ओटीवर बसून होता. मग उठून त्याने कपाटातला प्रणिताचा फोन काढला. दीड वर्षात तो त्याने चार्ज केला नव्हता. चार्जरला लावून तो फोटो बघत गेला. अंगणवाडीतली पोरं, वजनकाटा, कुणाच्या बारशाचे फोटो. आणि मग पऱ्या. भर उन्हात पाण्यावर वर आलेले झुलपीचे दांडे, टोकाला पांढरे बारीक तुरे. पन्नासेक तरी असतील. फोटोच्या कडेला, काठाच्या दगडावर बसवलेली टिकली दिसत होती. तिच्यावर प्रणिताची सावली पडली होती. फक्त तिच्यावर. ती काठाकडून वाकली होती, झाडांच्या बाजूने नव्हे. झाडं सगळी उन्हात होती.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. परत पाहिला.

कस्तुरी उठून चहा ठेवत होती. त्याने फोन तिच्यासमोर धरला.

"झुलपीवर सावली नव्हतीच गो. सावली टिकलीवर होती. झाडांना तिने पुरं ऊन दिलं होतं. आपणच ते टाकीत काळं करत होतो दीड वर्ष."

कस्तुरीने फोटो पाहिला. तिला एका नजरेत कळलं. ती म्हणाली, "हो. नोंद टिकलीची आहे, झाडाची नाही. फोनवर मीच हे म्हणत होते, आणि सकाळी सावली पाहिल्यावर विसरले." मग घाईने, "पप्पा, मूळ नोंद कुठे जात नाही. मी तुला दुसरा दिवा देते. दुसऱ्या टाकीवर लाव. नुसत्या पाण्याच्या. सावली तुझ्यापाशी राहील."

संदेशने विचार केला. मोह खरा होता. रिकामी टाकी, समोर स्टूल, आणि रोज सकाळी सव्वादहा.

"नको," तो म्हणाला. "रिकाम्या टाकीवर ती कशाला येईल?"

चहा झाल्यावर कस्तुरीने लॅपटॉप उघडला. खड्डा कशाने बुजवायचा हा प्रश्न होता, आणि उत्तर संदेशनेच दिलं. रविवारची नोंद स्वच्छ होती, कुणाच्याही सावलीविना. जवळच्या रविवारचं ऊन घेऊन आठवड्याच्या बाकीच्या दिवसांना जोडायचं. कस्तुरीने ते बसवलं आणि लॅपटॉप बापाकडे सरकवला.

"तू दाब."

संदेशने चष्मा नीट केला. मग त्याने दाबलं.

सोमवारी तो सवयीने दहा-दहाला आत गेला. ऊन आलं आणि राहिलं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पाण्यात पानं अशी झळाळली की त्याने ती तशी कधीच पाहिली नव्हती. पानांच्या कडांना बारीक बुडबुडे धरले आणि मोत्यांच्या सरीसारखे वर निघाले. पोटभर ऊन मिळालेल्या झाडाची ती खूण. संदेश बघत राहिला. आनंद झाला, पण वाट बघायला आता काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो त्या वेळी दुकानातच थांबू लागला. शेट्येबाईंना नवल वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही.

*

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, दोन झुलपींमधून दांडे वर आलेले दिसले. दोन दिवसांत ते पाण्याबाहेर निघाले, टोकाला गव्हाएवढ्या कळ्या. संदेशने फोटो पाठवला आणि लगेच फोन वाजला.

"उद्या पहाटेच्या उजेडाला उमलणार!" कस्तुरी ओरडली. "दुपारपर्यंत मिटतील. पप्पा, ब्रश आहे ना? या फुलाचे पराग त्या फुलाला लावायचे. मी पहाटेच निघते, पण दहाच्या आत नाही पोचणार. तू करून टाक. माझ्यासाठी थांबू नकोस."

"बरं," संदेश म्हणाला.

पहाटे पावणेसहाला तो दुकानात आला. दिव्यात पहाट व्हायला अजून अवकाश होता. त्याने नियम मोडला. दीड वर्षात प्रथमच नोंद थांबवली. टाकीत फटफटायच्या आधीचा करडा अंधार होता, तो तसाच धरून ठेवला. खोलीचं दार लावलं, दारापाशी चादर टाकली, आणि कुणी हाका मारत आत येऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं.

नऊ वाजता कस्तुरीचा फोन आला. आंबा घाटात ट्रक आडवा झाला होता, रांग लागली होती.

"उमललं का?"

"नाही. अंधार धरून ठेवलाय."

"पप्पा! झाडाचं स्वतःचं घड्याळ असतं. चार-पाच तास फसवता येतं, त्याच्यापुढे ते ऐकत नाही. तू लाव आता."

"तू ये," तो म्हणाला. "घाई करू नको. पण ये."

साडेनऊला शेट्येबाई आल्या. अर्धं शटर बघून त्यांचा चेहरा उतरला. वाकून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय हो, घरात काही...?"

"नाही हो, बाई. सगळं ठीक आहे. पोरगी येतेय पुण्याहून. तिने बघावं असं एक फूल आहे, ते तिच्यासाठी थांबवून ठेवलंय."

शेट्येबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बैठक मारली. "बँकेला आज सुट्टी आहे. तुम्ही आत बसा. मी कुणाला हाक मारू देत नाही."

संदेश आत स्टुलावर बसला. दहा वाजले. साडेदहा वाजले. अंधारात त्याला कळ्यांचे नुसते ठिपके दिसत होते. मध्येच त्याला वाटलं, एक कळी जराशी फुगली. तो उठून वाकला. तशीच होती की नव्हती, कळेना. बाहेरून शेट्येबाईंचा आवाज येत होता, "दुकान बंद नाहीये, पण आज मिळायचं नाही. उद्या या." बटणावर त्याने दोनदा बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा मागे घेतलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शटरखालून वाकून कस्तुरी आत आली. घामाघूम, केस विस्कटलेले.

"उमलली?"

"नाही. आधी पाणी पी," संदेश म्हणाला. "हात धू. बस. आता सकाळ करतो."

तो दुसऱ्या स्टुलावर बसला आणि त्याने बटण दाबलं. खोलवाडीतली पहाट टाकीत हळूहळू फटफटू लागली. आधी राखी, मग निळसर, मग झाडीतून गाळून आलेली हिरवी. दोघं शेजारी शेजारी बसून होती. अर्धा तास काहीच झालं नाही, आणि कस्तुरी बोटं मोडत राहिली. मग एक कळी तिच्या देठाशी किंचित कलली, आणि बघता बघता उकलली. तिच्यामागून दुसरी. आतून पांढरे तुरे निघाले, त्यांच्यावर मोहरीएवढी फुलं.

"एवढंच?" संदेश म्हणाला.

"एवढंच."

तिने ब्रश त्याच्या हातात दिला. त्याचा हात स्थिर होता. या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर, तिथून परत, जसं तिने सांगितलं तसं. पुढे महिन्याभरात त्या तुऱ्यांना एकोणचाळीस बिया धरल्या. त्यातल्या बारा कस्तुरीने पुण्याला नेल्या आणि उरलेल्या संदेशने रुजवल्या. पण ते नंतर. आत्ता तो ब्रश धुवत होता, तेव्हा कस्तुरी एकदम म्हणाली,

"पऱ्यात फुलली होती ना, तेव्हा आईने मला फोन केला होता. काय म्हणाली, सांगू?"

दीड वर्षात आईचं नाव तिने आपणहून काढलं नव्हतं. संदेशने ब्रश खाली ठेवला.

"सांग."

"म्हणाली, 'फुललं गो बाय तुझं फूल. बघितलं आणि मला हसूच आलं. एवढ्याशासाठी तू एवढी शिकलीस होय!'"

संदेश हसला. कस्तुरीही हसायला लागली, आणि मग दोघांना हसू आवरेना. ती सांगत राहिली, आई अजून काय म्हणाली, फोन किती वेळ चालला, मध्येच पोरांना कशी ओरडली. तो ऐकत राहिला. यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं.

हसण्याचा आवाज बाहेर पायरीपर्यंत गेला असावा. शटरच्या पलीकडून शेट्येबाईंनी विचारलं, "उमललं का हो?"

"उमललं, बाई!" संदेश ओरडला. "या, आत या बघायला!"